धर्मानंद कोसंबी : श्रद्धा आणि चिकित्सा



धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या मनाने बुद्धाचा ध्यास घेतला. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे हिंडत १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडून त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन आरंभिले. या ध्यासाची किंमत घरच्या माणसांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. पुढे कोसंबी पुन्हा संसारात परतले.

येथवर ही श्रद्धेची कथा झाली. परंतु कोसंबींची श्रद्धा प्रश्न विचारणारी होती. पत्नी व पुत्र झोपेत असता सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. कोसंबींनी प्राचीन पाली सुत्ते तपासली. आईवडील अश्रू ढाळीत असता आपण गृहत्याग केला, असे तेथे बुद्धच सांगतो. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी या प्राचीन उल्लेखास प्रमाण मानले. ज्याने स्वतः घर सोडले होते, त्याने आपल्या गुरूच्या गृहत्यागाची रम्य आख्यायिका बाजूस सारावी, यात त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटी होती.

मिळविलेले ज्ञान त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापन सोडून कोसंबींनी ते स्वीकारले, कारण बुद्धाचा उपदेश मराठी माणसाला त्याच्या भाषेत मिळावा ही त्यांची तळमळ होती. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश बुद्धाने कालामांना केला होता. कोसंबींनी तो प्रत्यक्ष बुद्धचरित्रालाच लावून पाहिला, आणि तरीही त्यांची भक्ती उणावली नाही. वर्गात विद्यार्थ्याने अथवा ग्रामसभेत एखाद्या सामान्य माणसाने शंका विचारली, तर तिला अनादर समजू नये, एवढे तरी आपण या साधकापासून शिकावे.