माडाचं आळं आणि जिभेचं मूळ

मंडळी, तुमच्या चिटणीसांनी बोलावताना सांगितलं, "डॉक्टर, इथे दोघांनी मोबाइलच्या उजेडात स्वतःची जीभ पाहिली आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही." म्हणून आज तेवढंच बोलतो.

जीभ पुरती बाहेर काढली की पार मागे, उलट्या व्हीच्या आकारात, साधारण ८ ते १२ गोल उंचवटे असतात. त्या गाठी नव्हेत, फोडही नव्हेत. ते पहिल्यापासून तिथेच आहेत. आपली नजर तिथे आज गेली.

शरीरशास्त्राने त्यांच्या नावासाठी लॅटिनमधला तटबंदीचा शब्द घेतला. मला तो कधीच पटला नाही. तट बाहेरच्याला अडवतो. मला तिथे माडाचं आळं दिसतं! मधे बुंधा, भोवती गोल चर, चरात पाणी. इथल्या चवीच्या कळ्या बहुतेक या चराच्या भिंतींत दडलेल्या असतात. घास लाळेत विरघळून चरात उतरला की चव कळते. आणि तळाशी बारीक ग्रंथी पाझरत असतात. त्या चर धुऊन पुढच्या घासासाठी मोकळा करतात. शिंपणंही तिथेच, निचराही तिथेच.

(एका ताईंचा प्रश्न: म्हणजे कारलं मागेच कडू लागतं, हे खरं?)

नाही. जिभेच्या प्रत्येक भागाला वेगळी चव, असा तो नकाशा आपण सगळेच शाळेत शिकलो. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जागोजागी अगदी किरकोळ फरक आढळला होता. १९४२ च्या एका पुस्तकातल्या आलेखामुळे तो भलताच मोठा वाटू लागला. जिथे चवीच्या कळ्या आहेत, तिथे कडूही कळतं आणि गोडही.

त्या उंचवट्यांच्याही मागे जो खडबडीत भाग आहे, ते जिभेचे टॉन्सिल. सर्दी-घशात ते फुगतात, मग उतरतात.

आता नीट ऐका. डावी-उजवी बाजू सारखी असेल तर बहुधा काळजी नसते. एकाच बाजूला कडक गाठ, रक्त, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गिळताना कानात कळ, मानेत गाठ, यांतलं काहीही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्रीचं व्यसन असेल तर मुळीच थांबू नका. पण व्यसन नाही म्हणूनही दुर्लक्ष करू नका.

(एका आजोबांनी विचारलं: जीभ घासताना पट्टी तिथवर न्यावी का?)

नको, आजोबा. पुढचा भाग हलक्या हाताने पुरे. बोटाने रोज चाचपणंही नको. माडाचं आळं रोज उकरलं तर मुळंच दुखावतात.