सत्पात्री दान: पात्र ओळखायचं कसं?



दान सत्पात्री असावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पात्र ओळखायचं कसं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग आपण काय करतो? मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की वर्गणी देतो. ऑफिसातल्या कोणी लिंक पाठवली की पाचशे रुपये टाकतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला एखाद्या आश्रमात जेवण देतो. इंदूर असो, बडोदा असो की बेंगळुरू, मराठी घरांतलं हे चित्र फारसं वेगळं नाही.

यात वाईट काहीच नाही. पण या सगळ्या वेळी निवड कोणी केली, ते बघा. मागणाऱ्याने केली. आपण फक्त हो किंवा नाही म्हणालो. जी संस्था आपल्या दारापर्यंत पोहोचत नाही, तिचा विचार आपल्या मनात कधी आलाच नाही.

समोर एकच चेहरा असला की आपला हात पटकन सैल होतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अमेरिकेत काही लोकांना पाच-पाच डॉलर देऊन त्यातलं हवं तेवढं दान करायला सांगितलं. एका गटाला आफ्रिकेतल्या एका भुकेल्या मुलीची गोष्ट दाखवली. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. दुसऱ्या गटाला लाखो उपाशी लोकांचे आकडे दाखवले. त्यांनी १.१४ दिले. तिसऱ्या गटाला मुलीची गोष्टही दाखवली आणि आकडेही. त्यांनी किती द्यावेत? १.४३. म्हणजे त्या मुलीसारखे आणखी लाखो आहेत हे कळल्यावर मदत वाढली नाही, उलट कमी झाली.

आता आपल्याकडे या. २०२१च्या सुमारास आपल्या सगळ्यांच्या फोनवर लहान बाळांचे व्हिडिओ येत होते. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार, आणि एका इंजेक्शनची किंमत सुमारे १६ कोटी रुपये. अनोळखी माणसांनी शंभर, पाचशे, हजार असे देऊन काही बाळांसाठी ती रक्कम उभी केली. ज्यांनी दिलं त्यांनी चांगलंच केलं. त्या आईबापांना कोण नाही म्हणेल?

पण ज्यांचा व्हिडिओ कधी निघतच नाही, अशीही बाळं असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये एक काम केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर घरीच उपचार कसा करायचा, हे त्यांना शिकवलं. सुरुवातीला तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे तो ६०च्या जवळच राहिला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरच्या 'आशा' ताईंच्या कामात ही पद्धत आली.

जी बाळं वाचली, त्यांतलं नेमकं कोणतं बाळ या कामामुळे वाचलं, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे फोटोही नाही. अशा कामाला देणगी मिळवणं म्हणूनच कठीण असतं.

या कामाचा खर्च कशावर होतो? प्रशिक्षण, मानधन, देखरेख, नोंदी. ताळेबंदात हे सगळं पगार आणि प्रवासखर्च म्हणून दिसू शकतं. आणि आपण देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो, "माझ्या शंभर रुपयांतले पगारावर किती जातात?" उधळपट्टी बघायलाच हवी. पण शिकवणाऱ्या संस्थेचा खर्च शिक्षकावर होणार, उपचार करणाऱ्या संस्थेचा नर्सवर होणार. पगार कमी म्हणजे काम चांगलं, असा हिशेब लावला तर नुसती ब्लँकेटं वाटणारी संस्था नेहमीच पहिली येईल.

दुसरी एक गफलत करसवलतीची. '८०जी आहे ना? मग संस्था चांगली', असं आपण धरून चालतो. त्या नोंदणीचा अर्थ एवढाच की देणगीवर सवलत मिळू शकते, आणि तीही जुन्या करप्रणालीत. संस्थेच्या कामाने कोणाचं किती भलं झालं, हे त्यातून कळत नाही.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, वर्षाला किती द्यायचं ते एप्रिलमध्येच ठरवा. विम्याचा हप्ता बाजूला काढतो तसं. मार्चअखेर घाईत दिलेले पैसे बहुतेक वेळा समोर येईल त्याला जातात.

दुसरी, त्या रकमेचे दोन भाग करा. एक मनाचा: वर्गणी, वर्षश्राद्ध, व्हिडिओतलं बाळ. इथे फार हिशेब नको. दुसरा भाग विचाराचा. तो एखाद-दोन संस्थांना, आणि सलग काही वर्षं. दरवर्षी थोडी का होईना, ठरलेली रक्कम येणार हे माहीत असेल तर संस्थेला माणूस नेमता येतो.

तिसरी, या दुसऱ्या भागासाठी संस्थेला प्रश्न विचारा. तुम्ही काम केलं नसतं तर तिथे काय झालं असतं? तुमचं काय फसलं, आणि मग तुम्ही काय बदललं? आणखी एक लाख मिळाले तर नेमकं काय कराल? सोबत ऑडिट झालेले हिशेब मागा. नीट काम करणाऱ्या संस्थेकडे बहुधा याची उत्तरं तयार असतात. "किती लोकांना वाटप केलं" एवढाच आकडा पुढे आला, तर आणखी विचारा.

प्रत्येकाला एवढा वेळ नसतो, हे खरं. मग ज्याने स्वतः जाऊन पाहिलं आहे, त्याचं ऐका. 'लोकसत्ता' गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्यांना देणग्या पाठवतात, ते याच विश्वासावर. किंवा चार मित्र मिळून संस्था वाटून घ्या, एकेकाने एकेक बघून या.

तुमची रक्कम वर्षाला दोन हजार असेल किंवा दोन लाख. ती कुठे जावी, हे या वर्षी तुम्ही ठरवा.