गृहकर्जाचे आकडे आणि घरांचे वास्तव

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही अर्थतज्ज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. परंतु कर्जाचे अर्ज, कागद आणि हप्ते रोज आमच्या हाताखालून जातात. वर्तमानपत्रात ‘गृहकर्जात मोठी वाढ’ असा मथळा आला की माणसे समाधानाने म्हणतात, ‘चला, लोकांची घरे होऊ लागली!’ हा निष्कर्ष खरा की घाईचा, हे तपासणे एवढाच आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट शब्दांची. रिझर्व्ह बँक दर महिन्याला जो आकडा देते तो ‘येणे बाकी’चा असतो. म्हणजे आजवर दिलेल्या कर्जापैकी अजून परत यावयाची रक्कम. ही ‘थकबाकी’ नव्हे. हप्ता वेळेवर न भरल्यास जी राहते ती थकबाकी. आणि या वर्षी नव्याने वाटलेले कर्ज हा तिसराच आकडा. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की सगळा हिशेब चुकतो.

येणे बाकी किती सावकाश उतरते ते पाहा. समजा, एखाद्याने २० लाख रुपये २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले. हप्ता सुमारे १७,३५६ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ३,१९० रुपये. पाच वर्षांत तो १० लाख ४१ हजार रुपये भरतो, तरी सुमारे १७ लाख ६३ हजार शिल्लक राहतातच. म्हणून येणे बाकीचा मोठा आकडा म्हणजे पुष्कळ घरे असे नव्हे. ते लोकांच्या डोक्यावरचे ओझेही आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. एका शाखेने दहा कर्जे दिली. नऊ जणांना प्रत्येकी १० लाख आणि एकाला १ कोटी १० लाख. एकूण २ कोटी, सरासरी २० लाख. पण २० लाखांचे कर्ज त्या दहांत एकालाही मिळालेले नाही! तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कोटींचा आकडा दिसला की लगेच विचारा : खाती किती? आणि लहान कर्जे किती, मोठी किती?

तिसरी गोष्ट, कर्ज वाढले म्हणजे घर वाढले असे नाही. जुनी सदनिका एकाने विकली, दुसऱ्याने कर्ज काढून घेतली; घर तेच, मालक बदलला. व्याज कमी म्हणून कर्ज एका बँकेतून दुसरीत नेले. नव्या बँकेच्या वहीत ते नवे कर्ज दिसते, वीट मात्र एकही नवी लागत नाही. याचे ठळक उदाहरण २०२३ सालचे आहे. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहवित्त संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली. संस्थेची कर्जे बँकेच्या खात्यात आली आणि बँकांच्या गृहकर्जाचा आकडा एकदम फुगला. त्यामुळे रिझर्व्ह बँकेला वाढीचे दोन आकडे द्यावे लागले, विलीनीकरणासह आणि ते वगळून. ज्याने तळटीप वाचली नाही, त्याची फसगत झाली.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या आकड्यांत कोण नाही? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख सांगितली. एकीकडे कुलूपबंद घरे, दुसरीकडे टंचाई! या टंचाईत पूर्ण बेघर थोडे होते. दीड कोटीच्या आसपास कुटुंबे दाटीवाटीने राहणारी होती. आणि ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती.

कागदावर ‘अग्रक्रम क्षेत्र’ असा एक रकाना असतो. नाव ऐकून वाटते, हे गरिबांचे कर्ज. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार ५० लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरात ५० लाखांपर्यंतचे गृहकर्ज या रकान्यात बसते, घराची किंमत ६३ लाखांपर्यंत असली म्हणजे झाले. वरच्याच व्याजाने व मुदतीने त्याचा हप्ता ४३ हजारांच्या पुढे जातो. आणि सरकारी व्याख्येने दुर्बल घटकातील कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ३ लाखांपर्यंत, म्हणजे महिन्याला २५ हजार. हप्ताच उत्पन्नापेक्षा मोठा! हे कुटुंब त्या रकान्यात कसे येणार?

शिवाय आमच्या काउंटरवर दोन वस्तू मागितल्या जातात : उत्पन्नाचा पुरावा आणि जागेचा कागद. भाजीच्या गाडीवाल्याकडे पगारपत्रक नसते. झोपडपट्टीतील घराखालची जमीन रहिवाशाच्या नावे नसते, मग तारण काय ठेवणार? अशी माणसे घर बांधतातच; भिशीतून, पतसंस्थेतून, भविष्यनिर्वाह निधीतून. बायकोचे सोने गहाण ठेवून पत्रे बदलले, तर ते सोनेतारणात मोजले जाते, गृहकर्जात नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या रमाई आवास योजनेतून उभे राहिलेले घर अनुदानाचे. तेही या आकड्यांत येत नाही. म्हणजे कर्ज वाढूनही गरिबाची खोली तशीच राहू शकते, आणि कर्ज न दिसताही गरिबाचे घर उभे राहू शकते.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. जागेचे कागद आजच काढून पाहा. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली आहे काय? सात-बारा, नमुना ८ किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव बरोबर आहे काय? घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. धंद्याचे पैसे खात्यातून फिरवा, म्हणजे उत्पन्न दिसेल. कर्ज घेताना हप्ता किती एवढेच न विचारता, शेवटपर्यंत एकूण किती भरावे लागेल तेही विचारा. साडेआठ टक्क्यांच्या त्या २० लाखांचे २० वर्षांत साडेएकेचाळीस लाखांहून अधिक होतात.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या बँकेत जाईल, कोणी पालिकेत, कोणी वर्तमानपत्रात. आकडा समोर आला की त्याला चार प्रश्न विचारा : रक्कम की खाती? नवे कर्ज की येणे बाकी? नवे घर की जुनेच? आणि यात कोण मोजलेच गेले नाही? जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजनाही आखली जात नाही. त्याची नोंद करून घेणे हे शिकलेल्यांचे काम आहे.