आवाराची भिंत आणि लिंबाखालचा चौथरा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आपल्या आवारात जे काम चालले होते, त्याची हकीकत मी सांगावी अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. माझे घर समोरच, म्हणून देखरेख माझ्याकडे आली होती. खर्चाचा हिशेब चिटणीसबाई देतीलच. मी फक्त भिंत, तिचा गिलावा आणि लिंबाखालचा फळ्यांचा चौथरा यांविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या परसात अशाच जुन्या भिंती आहेत.

आपली भिंत चाळीस फूट लांब, सहा फूट उंच आणि दीड फूट जाड. काळा दगड आणि मातीचे बांधकाम. तिच्या सावलीत बालवाडीची मुले रोज खेळतात. वर्धापनदिनाला पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि मागे ही अशी उघडी भिंत बरी दिसत नाही, म्हणून गिलावा करावयाचे ठरले. एका ठेकेदाराने सांगितले, "जाळी मारतो, वरून सिमेंटचा जाड गिलावा देतो. आठ दिवसांत भिंत नवी." दरही परवडणारा होता. होकार जवळजवळ गेलाच होता.

तेवढ्यात आपल्याच एका सभासद भगिनीचे मामेसासरे सहज आवारात आले. जन्मभर गवंडीकाम केलेले गृहस्थ. त्यांनी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. मध्यावर बाराएक फूट भिंत चार बोटे पुढे आलेली. मामा म्हणाले, "अक्का, हिचं पोट सुटलंय. आजार पोटात आन् तुम्ही तोंडाला पावडर लावाया निघालाव!"

भगिनींनो, त्या वेळी मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993, गणपती बोळवून लोक निजले होते आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आपण सोलापुरातही घाबरून अंगणात धावलो होतो. मी तेव्हा लहान होते, पण आईने मला कसे उचलले ते अजून आठवते. लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांत हजारो माणसे गेली. घरे कसली होती? अशीच. जाड भिंती, मातीत बसवलेले वेडेवाकडे दगड आणि वर मातीचे जड माळवद. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये नुसती कपची नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगड नाही. हादरा बसताच थर सुटले आणि माळवद खाली आले. आपल्या भिंतीवर माळवद नाही हे खरे. परंतु सहा फुटांचा दगडी ढीग चार वर्षांच्या लेकरावर यायला भूकंपच व्हावा लागतो असे नाही. एक चांगला पावसाळा पुरे.

सभेत वाद झाला, तो तुम्हांला ठाऊकच आहे. पाडकामाने खर्च वाढेल, वर्धापनदिन हुकेल, भिंत इतकी वर्षे उभी आहे तर आताच काय होते, असे मुद्दे निघाले. शेवटी एका आजीबाईंनी विचारले, "त्या भिंतीखाली आपापलं नातवंड कोण बसवणार, त्यांनी हात वर करा." एकही हात वर आला नाही.

बारा फूट भिंत उतरवली तेव्हा रोग सापडला. पलीकडची जमीन आपल्याहून दोन फूट उंच, आणि शेजारच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या मुळाशी मुरत होते. आपली काळी माती तर तुम्हांला माहीत आहे. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी भिंत दरसाल थोडी हलणारच. मामांनी चार फूट खणून मुरूम लागल्यावरच पाया घेतला. शेजाऱ्यांकडे आम्ही दोघीतिघी तीन वेळा गेलो. दोनदा दार उघडले नाही, तिसऱ्यांदा चहा मिळाला आणि मोरीची नळीही फिरवून मिळाली.

नवी भिंत बांधताना दर चार फुटांवर एक आणि उंचीतही दर दोन फुटांवर एक, असा भिंतीची सबंध जाडी व्यापणारा लांब दगड घातला. असे दगड पुरेसे मिळाले नाहीत, म्हणून मधे सळई घालून काँक्रीटचे तुकडे आवारातच ओतले. खालच्या भागात दर पाच फुटांवर नळीचा तुकडा ठेवला आहे आणि त्याच्यामागे खडी भरली आहे. पावसाळ्यात त्यांतून पाणी येईल. कोणी ती भोके चिंध्या कोंबून बुजवू नयेत! ती मुद्दाम ठेवलेली आहेत.

आता गिलावा. सिमेंट वाईट असे मी म्हणत नाही. स्लॅबला, टाकीला ते हवेच. परंतु दगडमातीची भिंत श्वास घेते. सिमेंटचा टणक थर तिच्याबरोबर हलत नाही, त्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जाते आणि परत बाहेर पडत नाही. मग लोणा फुटतो आणि एके दिवशी सबंध पापुद्राच अंगावर येतो. चुन्याचा गिलावा मऊ, आतली ओल बाहेर सोडणारा. विजापूरचा गोलघुमट आपण सहलीत पाहिला. सतराव्या शतकात सिमेंट कुठले? तो चुन्यावरच उभा आहे.

कळीचा चुना आणून हौदात विरवला आणि पंधरा दिवस पाण्याखाली ठेवला. विरवताना पाणी अक्षरशः उकळते, वाफा निघतात. त्या दिवशी बालवाडीला सुट्टी दिली आणि हौदाला झाकण घातले. डोळ्यांत शिंतोडा गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून ढवळणाऱ्यांना चष्मे दिले आणि स्वच्छ पाण्याची बादली जवळ ठेवली. प्रमाण म्हणाल तर एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, दोन भाग वाळू. नदीची वाळू आता मिळणे कठीण, म्हणून दगड दळून केलेली वाळू चाळून, धुऊन घेतली.

पुढचे काम पाहताना मला आपले सारवणच आठवले. सांधे अर्धा इंच खरवडायचे, धूळ झाडायची, भिंत भिजवायची. कोरड्या भिंतीवर गिलावा धरत नाही, जसे कोरड्या जमिनीवर शेण धरत नाही. पहिला हात जोराने फेकून बसवायचा आणि खडबडीत ठेवायचा. तो आवळला की दुसरा हात पातळ द्यायचा आणि लाकडी रंध्याने फिरवायचा. गुळगुळीत करण्याचा हव्यास धरायचा नाही, कारण फार घोटले की वर चिरा येतात. आपल्याकडचे ऊन हिवाळ्यातही दुपारी झोंबते, म्हणून सकाळी दहाच्या आत काम आटोपून वर ओले पडदे सोडले. ते पडदे म्हणजे तुमच्याच घरच्या विटलेल्या सोलापुरी चादरी! अठरा चादरी जमल्या. त्या आठवडाभर ओल्या ठेवण्याची पाळी प्रत्येकीने सांभाळली. शेवटी मडके घेताना मारतो तशी टिचकी मारून सबंध भिंत तपासली. दोन ठिकाणी बद्द आवाज आला, तेवढा भाग काढून पुन्हा केला.

माथ्यावर शहाबादी फरशी उतरती बसवली आहे, भिंतीच्या दोन इंच बाहेर. तिच्या खालच्या अंगाला खाच आहे. थेंब तिथे अडतो आणि भिंतीला न शिवता खाली पडतो.

चौथऱ्याबद्दल बऱ्याचजणी विचारतात, फरशीचाच ओटा का केला नाही? कारण तिथे लिंब आहे. ओट्याने मुळ्या दडपल्या असत्या आणि त्यांचे पाणी तुटले असते, आणि मुळ्यांनी दोन-चार वर्षांत ओटा उचलला असता. फळ्यांतून पाणी खाली जाते, झाडही राहते, आपले हळदीकुंकूही होते. शिवाय शहाबादीवर वैशाखात दुपारी अनवाणी उभे राहून पाहा! हल्ली लाकूड-प्लॅस्टिकच्या तयार फळ्या मिळतात. दिसतात छान, पण त्या उन्हात तापतात आणि लांबीने वाढतात, म्हणून तो विचार सोडला. एका उतरवलेल्या वाड्याचे सागवान मिळाले. ते चिरून घेतले, दगडी तळखड्यांवर तुळया ठेवल्या आणि वर फळ्या स्क्रूने बसवल्या. जमिनीपासून एक फूट वर, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि वाळवी चढू लागली तर दिसते. खालच्या अंगालाही जवसाचे तेल दिले आहे. दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली, ती पावसात लाकूड फुगते म्हणून.

या फटीने एक गंमत केली. पहिल्याच हळदीकुंकवाला एकीचे जोडवे खाली गेले. तेव्हापासून कडेची एक फळी उचलता येईल अशी केली आहे. ती दर महिन्याला उचलून खालचा पाला झाडावा, कारण आपल्याकडे विंचवांना असा आडोसा फार आवडतो. झाडताना हात घालू नये, काठी वापरावी. कडेची जाळीही काढू नये.

उरलेला विरवलेला चुना मी पाण्याखाली पिंपात ठेवला आहे. पाणी वर असेपर्यंत तो खराब होत नाही. कोणाच्या परसातल्या भिंतीच्या दरजा भरावयाच्या असतील तर घेऊन जावा. घट्ट झाकणाचे भांडे आणावे, आणि मामांचा ओळंबाही तिथेच खुंटीला आहे. तो मात्र वापरून परत आणून द्यावा.