मैलाचा हिशोब

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘अमेरिकेतील सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली. ती खरी आहे, पण आमच्या घराची ती अर्धीच ओळख आहे. माझा नवरा तिथे ट्रक चालवतो. ट्रक स्वतःचा, परवाना स्वतःचा. मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. हे सांगितलं की आपल्याकडे समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे ट्रान्सपोर्टचा बिझनेस का?’ नाही हो, स्टिअरिंगवर तो स्वतः असतो. आयटीतले इथे निम्मे बसलेत, म्हणून मला दिलेल्या वेळात मी ट्रकबद्दलच बोलते.

तो मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, पुण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. २००७ साली माझ्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलो, तेव्हा कागदावर तो माझा ‘अवलंबित’ होता. अशा जोडीदारांना त्या काळी नोकरी करता येत नसे. आठ वर्षं त्याने मुलांचे डबे भरले, शाळेत सोडलं-आणलं आणि शेजाऱ्यांच्या गाड्या हौसेने दुरुस्त केल्या. २०१५ साली नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्प्यावर असलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. त्याने जड वाहनाचा परवाना काढला, दोन वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत गाडी चालवली आणि २०१९ मध्ये जुना ट्रक विकत घेतला.

आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो. तो ओढतो ती ‘ड्राय व्हॅन’, म्हणजे ५३ फुटी बंद डबा. बिस्किटं, साबण, कागद, सुटे भाग, असं थंडावा न लागणारं काहीही त्यात भरतात. ट्रक, डबा आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टनांची मर्यादा. फेऱ्या आसपासच्या राज्यांतल्या : शिकागो, इंडियानापोलिस, लुईव्हिल, डेट्रॉईट, पिट्सबर्ग. सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री घरी.

आपल्याकडे दलालाच्या टेबलापाशी जे घडतं, ते तिथे स्क्रीनवर घडतं. मालाची जागा, पोचवायची जागा आणि भाडं यांच्या याद्या लागलेल्या असतात. त्यातली एक मोठी सेवा १९७८ मध्ये पोर्टलंडच्या एका ट्रक थांब्यावर ‘डायल-अ-ट्रक’ नावाने सुरू झाली होती. घरातला हिशोब माझ्याकडे आहे, म्हणून एक उदाहरण देते. कोलंबस ते शिकागो साधारण ३५५ मैल. भाडं ९०० डॉलर, म्हणजे मैलाला अडीच डॉलर. छान वाटतं. पण येताना रिकामं यावं लागलं, तर तेच ९०० डॉलर ७१० मैलांवर पसरतात आणि मैलाला सव्वा डॉलर उरतो. अमेरिकेतल्या एका वाहतूक संशोधन संस्थेच्या हिशोबानुसार २०२३ मध्ये ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च मैलाला २ डॉलर २७ सेंट होता. त्यात ड्रायव्हरचा पगार धरलेला आहे. आमच्याकडे ड्रायव्हर घरचा, म्हणून नुकसान लगेच डोळ्यांवर येत नाही. डिझेल, विमा, टायर यांचे पैसे जातातच. बुडते ती आपलीच मजुरी. रिटर्न भाड्याचं महत्त्व खंबाटकी घाट चढणाऱ्या कुठल्याही ट्रकवाल्याला मी सांगायची गरज नाही.

पैशांखालोखाल घड्याळ. सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर दिवस सुरू होतो. कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, त्यानंतर नाही. डिसेंबर २०१७ पासून हे सगळं इंजिनला जोडलेल्या यंत्रात आपोआप नोंदलं जातं. नियम चांगला आहे. झोपाळलेला ड्रायव्हर कुणालाच नको. पण ट्रक गोदामाच्या दारात उभा असला, तरी ते १४ तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. पहिले दोन तास थांबणं फुकट धरायची रीत आहे. पुढच्या तासांचे पैसे मागावे लागतात आणि मागून मिळतीलच असं नाही.

एकदा तो पहाटे पाचला कामाला लागला होता. एका किराणा गोदामात सकाळी दहाची वेळ मिळालेली. माल उतरून कागद हातात पडले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. उरले दोन तास, आणि तेवढ्यात कुठेतरी गाडी लावायची. संध्याकाळी ट्रकचे थांबे भरलेले असतात. त्याने मला फोन केला, ‘जागा शोध.’ मी ऑफिसात बसून एकेका थांब्याला फोन लावत होते. पावणेसातला एका पेट्रोल पंपाच्या मागे जागा मिळाली.

मला घाई का झाली होती, ते सांगते. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर दूध घेऊन निघाला होता. वेळेच्या आधी पोचला, गोदामात घेईनात, म्हणून साउथ कॅरोलिनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपला आणि लुटारूच्या गोळीने मारला गेला. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक थांब्यांविषयीचा ‘जेसन्स लॉ’ झाला. जागा अजून अपुऱ्याच आहेत. तेव्हापासून आमच्या एक्सेलमध्ये मैलामागच्या पैशांशेजारी तासामागच्या पैशांचा रकाना आहे. त्या रकान्याने दोन मोठ्या भाड्याच्या गोदामांवर कायमची काट मारली.

२०२१ मध्ये भाडी चढली होती, २०२२ पासून घसरली. अनेक छोट्या गाडीवाल्यांनी गाड्या विकल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्हीही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी विक्रीचा कागद घेऊन बसलो. मुलीचं कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होणार होतं. मी म्हटलं, माझ्या पगारात घर चालेल. तो म्हणाला, ‘घर चालेल गं, पण मी पुन्हा अवलंबित होईन.’ यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. मग आम्ही एक मर्यादा ठरवली : या दराखाली भाडं घ्यायचं नाही, गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली तरी चालेल. हळूहळू खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या आठवड्याला तीन ठरलेल्या फेऱ्या मिळाल्या. २०२१ इतकी कमाई आजही नाही, पण ट्रकचं कर्ज फिटलंय आणि तो चालवतोय.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्या शाळेसमोरच्या हायवेवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. आपल्यातल्या काही जणांचे तिथे कारखाने आहेत, गोदामं आहेत, काही जण मोठ्या कंपन्यांत स्टोअर सांभाळतात. तुमच्या गेटवर ट्रक येतो तेव्हा तीन गोष्टी करा. दिलेली वेळ पाळा. उशीर तुमच्याकडून झाला, तर थांबल्याचे पैसे त्याने मागायच्या आधी द्या. आणि ड्रायव्हरसाठी पाण्याचा नळ आणि स्वच्छ संडास उघडा ठेवा. त्याला कुंपणाकडे पाठवू नका. यासाठी कायदा होण्याची वाट बघायला नको, वॉचमनला उद्या सकाळी एवढं सांगितलं तरी पुरे.