आधी पाऊल, मग उभारी

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मला सांगितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. 'वाईट विचार सोडा, आनंदी राहा' असं बायकांना सांगणारे पुष्कळ आहेत. नवरा मारतो? मन शांत ठेव. घरात पैसा नाही? समाधानी राहा. असल्या उपदेशानं बाईचं दुःख तर जात नाहीच, उलट दुःखी असल्याचा दोषही तिच्याच माथी बसतो. मला तसं बोलायचं नाही. म्हणून सुरुवात माझ्यापासून करते.

तीन वर्षांपूर्वी मी बैठकांना येईनाशी झाले होते. कुणी विचारलं तर पाहुण्यांचं कारण सांगायची. खरं म्हणजे सकाळी उठवतच नसे. दोन जिने चढले की धाप लागायची. स्वयंपाक कसाबसा उरकायचा आणि पडून राहायचं. मनात एकच पालुपद : 'मी आळशी झाले. माझ्याच्यानं आता काही होणार नाही. दुसऱ्यांना धीर देत फिरत होते, आणि बघा!' ही शेवटची टोचणी फार वाईट. कार्यकर्तीनं खचायचं नसतं, असं आपण धरूनच चालतो ना!

एक दिवस गटातली एक जण दारात उभी. तिनं उपदेश केला नाही. म्हणाली, "ताई, दळण टाकायला जातेय, चला सोबत." मी म्हटलं, "आज नको गं. बरं वाटलं की येईन." ती म्हणाली, "बरं वाटायची वाट बघत बसलात तर गिरणी बंद होईल."

गेले. जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता. परत आले तेव्हा दुःख काही पळून गेलं नव्हतं. पण दिवसभरात एक काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आठवड्यानं तिनंच मला रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन निघालं ८. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ तरी हवं. ज्याला मी वर्षभर आळस म्हणत होते, तो बराचसा माझ्या रक्तात होता!

आणि मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपण सगळ्यांच्या मागून जेवतो. भाजी संपली तर चटणीवर भागवतो. पाळीत जास्त जात असलं तरी बोलत नाही. मग थकवा येतो. थकव्याला आपण आळस म्हणतो, त्या आळसाची लाज वाटते, लाजेपोटी घरात बसतो, आणि बसलं की पुन्हा तेच विचार. असं हे चक्र फिरत राहतं.

'माझं मेलीचं काय!' हे वाक्य कुणी जन्मतः घेऊन येत नाही. भावाच्या ताटात जास्त वाढताना, 'पोरीची जात, सोसायला शीक' म्हणताना ते आपल्याला शिकवलं जातं. शिकवलेलं आहे, म्हणजे ते विसरताही येईल.

पण कसं? नुसतं 'असा विचार करू नकोस' म्हणून विचार जात नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. तीव्र उदासीनतेनं आजारी असलेल्या, बायका आणि पुरुष मिळून, ४९३ जणांचा त्यात समावेश होता. त्यातल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटी दिल्या. भेट देणारे डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भर कशावर? सुटलेली कामं, सुटलेल्या गाठीभेटी, आवडीच्या गोष्टी थोड्याथोड्यानं पुन्हा सुरू करण्यावर. हुरूप येण्याची वाट बघायची नाही. आधी कृती करायची. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर, ज्यांना भेटी मिळाल्या त्यांच्यात शंभरातले ६४ जण आजारातून सावरले होते. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९. म्हणजे माझ्या मैत्रिणीनं दळणाच्या डब्यासह जे केलं, त्याला शास्त्राचाही आधार आहे.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? बरोबर आहे. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यात रोज २९९ मिनिटं घालवते. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच! तेव्हा बाईच्या अर्ध्या तासाच्या चालण्याचा प्रश्न तिच्या निश्चयापुरता नाही. तेवढा वेळ भात कोण लावणार, हा तो प्रश्न आहे. रस्त्यावर दिवे आहेत का, हाही आहे. तो घरात आणि नगरपालिकेत, दोन्हीकडे मांडायला हवा.

आणखी एक. जिला घरात मारहाण होते तिला 'फिरून ये, बरं वाटेल' असं सांगू नका. तिला आधी सुरक्षितता हवी, आपली साथ हवी, कायदा हवा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिच्याजवळ असू द्या. जी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलते तिला एकटी सोडू नका. तिला डॉक्टरकडे न्या. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

बाकीच्यांनी काय करायचं? मला तीनच गोष्टी सुचतात. प्रत्येकीनं या महिन्यात रक्त तपासून घ्यायचं. घरात निदान एक जेवण सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. आणि दोघी-दोघींच्या जोड्या करून आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते. एकदम जमलं नाही तर दहा मिनिटं चाला. जोडीदारीण आली नाही, तर तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. कारण विचारत बसायचं नाही.

आपल्या हजेरीपटावरून गेल्या काही महिन्यांत कोणाकोणाची नावं गळली, ते आज घरी जाण्यापूर्वी बघू या. 'तिला आता रस राहिला नाही' असं म्हणून आपण त्यांना सोडून दिलं असेल. माझ्याबद्दलही तसंच म्हणता आलं असतं. त्या प्रत्येकीच्या दारात उद्या कोण जाणार, एवढं ठरवू आणि मगच उठू.