अंगणातील वनस्पती आणि डोळ्यांचे औषध



नाटे गावी यशवंतगडाच्या परिसरात फिरताना धोत्रा, रुई आपण नेहमी पाहतो. धोत्र्याचा रस डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होते, जवळचे नीट दिसत नाही. धोत्र्याच्याच कुळातील बेलाडोनापासून 1833 मध्ये अॅट्रोपिन वेगळे काढले गेले. बाहुली मोठी करण्यासाठी डॉक्टर आजही त्याचे थेंब वापरतात. काचबिंदूवरील पायलोकार्पिनही 1875 मध्ये दक्षिण अमेरिकेतील एका झुडपाच्या पानांतूनच मिळाले. म्हणजे आजीबाईचा बटवा अगदीच पोकळ नव्हता!

पण रस म्हणजे औषध नव्हे. पानागणिक द्रव्याचे प्रमाण बदलते. औषधाच्या थेंबात ते मोजलेले असते आणि थेंब निर्जंतुक असतो. फडक्याने गाळलेल्या रसातून माती, बुरशी डोळ्यात जाते, बुबुळाला जखम होऊन फूल पडते. भाताचे कुसळ गेले म्हणून आम्हीही लहानपणी पाला पिळून घेतला आहे, निभावले, एवढेच.

रुईचा चीक त्याहून फसवा. बुबुळ गढूळ होते, दिसेनासे होते, पण पुष्कळदा दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. चीक उडालाच तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.